पॉवर स्टिअरिंग उपटून टाकणारी माणसं

ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही नेहमीसारखी लिखित आवृत्ती. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे काय ना' होतं ते बरंचसं गाळलंय. सगळं नाही.

आजचा भाग जरा विचित्र माणसांवर आहे. यांच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग आहे. नीट चालतंय. गळत नाही, आवाज करत नाही. आणि ही माणसं शनिवार-रविवारची सुट्टी घालवून, हात काळे करून, ते काढून टाकतात. पंप काढायचा, बेल्ट काढायचा, तेलाच्या नळ्या काढायच्या, आणि मग पार्किंग करताना घामाघूम व्हायचं. वर म्हणायचं, "आता कुठे गाडी बोलायला लागली!"

हसू येतं ना? मलाही आलं होतं. पण यामागे साधारण शंभर वर्षांची एक गोष्ट आहे, आणि तिच्यात प्रश्न साधा आहे: मशीनने माझं काम हलकं केलं, तर त्या बदल्यात तिने माझ्यापासून काय लपवलं?

सुरुवात होते अमेरिकेत, फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या माणसापासून. हा पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य इंजिनिअर होता. त्या काळचे ट्रक चालवणं म्हणजे व्यायामशाळाच. स्टिअरिंगचं चाक परातीएवढं, तरी वळवताना खांदे भरून यायचे. त्यात विसाच्या दशकात कमी हवेचे, रुंद, गुबगुबीत टायर आले. बसणाऱ्याला आराम झाला, पण रस्त्याला टेकणारं रबर वाढलं आणि स्टिअरिंग आणखी जड झालं. खड्डा लागला की चाक हातातून हिसका मारून फिरायचं, ते वेगळंच.

डेव्हिसने नोकरी सोडली, मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात छोटं वर्कशॉप घेतलं आणि तेलाच्या दाबावर चालणारी मदत तयार केली. त्याची खरी अक्कल होती व्हॉल्व्हमध्ये. आधीच्या खटपटींमध्ये तेल कायम प्रचंड दाबाखाली कोंडून ठेवलेलं असायचं, म्हणजे गळती ठरलेलीच. डेव्हिसने उलटं केलं. व्हॉल्व्ह एरवी उघडा, तेल आरामात फिरतंय, दाब जवळजवळ नाहीच. ड्रायव्हरने चाक वळवलं की व्हॉल्व्ह एका बाजूने आवळला जातो आणि फक्त तेवढ्यापुरता दाब तयार होतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सतत पोलिंग करण्याऐवजी इव्हेंट आला की काम करायचं. १९२६ मध्ये त्याने पिअर्स-अ‍ॅरोच्या एका रोडस्टरमध्ये हे बसवून गाडी लोकांना चालवून दाखवली.

जनरल मोटर्सने त्याला लगेच बोलावून घेतलं. कॅडिलॅकमध्ये हे येणार असं ठरत होतं, पण मंदी आली, हिशोब जमेना, आणि १९३४ मध्ये कंपनीने हात झटकले. पुढे दुसरं महायुद्ध लागलं. चिलखती गाड्या इतक्या जड की मदतीशिवाय वळवणं अशक्य, म्हणून डेव्हिसची पद्धत आधी हजारो लष्करी गाड्यांत गेली. सामान्य गिऱ्हाइकाला ती मिळाली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये, 'हायड्रागाइड' या नावाने. गंमत म्हणजे क्रायस्लरने वापरली ती डेव्हिसची मुदत संपलेली पेटंटं. मग जनरल मोटर्सला जाग आली, आणि १९५२ मध्ये कॅडिलॅकमध्येही पॉवर स्टिअरिंग आलं. पंचवीस वर्षं फाईल दाबून ठेवायची आणि शेजाऱ्याने लॉन्च केलं की धावत सुटायचं, हा प्रकार फक्त आपल्याच ऑफिसांत होतो असं नाही.

आता इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. 'फील' हा शब्द आजच्या गाडीवेड्या पोरांनी काढलेला नाही. भांडण पन्नाशीतच सुरू झालं होतं. क्रायस्लरची मदत पूर्णवेळ होती: चाकाला हात लावला की पंप हजर. जनरल मोटर्सची पद्धत अशी की आधी थोडा जोर तुम्ही लावायचा, आणि त्या पलीकडे गेलात की मदत सुरू. म्हणजे सरळ रस्त्यावर, छोट्या हालचालींत, तुम्ही आणि रस्ता यांच्यात कोणी नाही. क्रायस्लरवाले आपल्या 'फुल-टाइम' पॉवरची जाहिरात करायचे. बाजाराने कौल दिला हलकेपणाला. पुढची दोनेक दशकं मोठ्या अमेरिकन गाड्यांचं स्टिअरिंग असं झालं की एका बोटाने फिरवा, आणि चाकं रस्त्यावर आहेत की लोण्यावर, हे त्या बोटाला कळणार नाही.

बरं, पण कळायचं असतं काय? इथे जरा थांबू या, कारण सगळी गोष्ट या मुद्द्यावर उभी आहे.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो थोडा तिरका असतो. त्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या जरा पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेघेच्या मागून फरफटत येतो आणि म्हणून आपोआप सरळ व्हायला बघतो. मॉलमधल्या ट्रॉलीची चाकंही अशीच मागे वळतात. गाडीत या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. वळण संपलं की स्टिअरिंग आपसूक परत येतं, त्यातला मोठा वाटा याचा.

दुसरा वाटा टायरचा स्वतःचा. वळताना टायरचं रबर जिथे जमिनीला टेकतं तो तळहाताएवढा भाग पिळला जातो. त्याच्या पुढच्या कडेला रबर नुकतंच टेकलेलं असतं, त्यामुळे तिथे ताण कमी. मागच्या कडेला ताण जास्त. म्हणून आडवा जोर टायरच्या बरोबर मध्यावर लागत नाही, किंचित मागे लागतो. हे जे 'किंचित मागे' आहे, ते एका तरफेसारखं चाकाला सरळ करायला बघतं, आणि तोच ओढा तुमच्या हातात येतो.

आता खरी मजा. तुम्ही वळणात वेग वाढवत गेलात की टायर पूर्ण सुटायच्या आधी त्या तळहाताएवढ्या भागाची मागची कड घसरायला लागते. घसरली की जोराचा मध्य पुढे सरकतो, तरफ लहान होते. टायरची पकड अजून शिल्लक आहे, उलट आडवा जोर अजून वाढतोच आहे, पण हातातला ओढा मात्र कमी व्हायला लागलाय. म्हणजे टायर सुटण्याच्या आधी स्टिअरिंग हलकं होतं. ही पूर्वसूचना आहे. ओल्या रस्त्यावर ती आणखी लवकर येते. डोळ्यांना काही दिसायच्या आत हातांना कळतं.

तुमच्यातल्या ज्यांनी सिम रेसिंगचं चाक वापरलंय त्यांना हे लगेच समजेल. फोर्स फीडबॅक म्हणतात ते हेच. तिथे सॉफ्टवेअर हा सगळा हिशोब करून मोटरने तुमच्या हातात ओढा पाठवतं. खऱ्या गाडीत हा सिग्नल फुकट मिळतो, शून्य लॅगने.

मग पॉवर स्टिअरिंग त्याचं काय करतं? स्टिअरिंगच्या दांड्याच्या तळाशी एक बारीक सळई असते, जी मुद्दाम पिळली जावी अशी बनवलेली असते: टॉर्शन बार. तुम्ही चाक फिरवता, सळई काही अंश पिळली जाते, त्या पिळावर व्हॉल्व्ह उघडतो, तेल एका बाजूला ढकललं जातं आणि रॅक सरकतो. समजा दहा भाग जोर लागणार असेल तर आठ पंप लावतो, दोन तुम्ही. पण त्याच हिशोबाने रस्त्याकडून येणाऱ्या निरोपाचेही आठ भाग पंपच खातो. तुम्हाला मिळतात दोन, आणि तेही सळईच्या लवचीकपणातून गाळून. चांगल्या इंजिनिअरने बसवलं तर त्या दोन भागांत बरंच काही ऐकू येतं. निष्काळजीपणे बसवलं तर ते प्रॉडक्शनमध्ये लॉगिंग बंद केल्यासारखं होतं: काही दिसत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहतं.

युरोपातल्या छोट्या स्पोर्ट्स गाड्यांना हा प्रश्नच नव्हता. लोटस एलानसारखी गाडी इतकी हलकी की पंपाची गरजच नाही. अडचण सुरू झाली जेव्हा हलक्या गाड्या जड होऊ लागल्या. आणि माझ्या मते या गोष्टीचा मध्य म्हणजे १९८९.

त्या वर्षी फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये दोन जपानी गाड्यांवरचा पडदा उघडला. एक माझदाची एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात. दुसरी होंडाची एनएसएक्स. एक गरिबाची स्पोर्ट्स कार, एक फेरारीला घाम फोडायला बनवलेली. दोघींनी स्टिअरिंगबाबत घेतलेले निर्णय बघा. एनएसएक्स मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये घेतलीत तर पॉवर स्टिअरिंग नाही. ऑटोमॅटिक घेतलीत तर विजेच्या मोटरवर चालणारं. म्हणजे होंडाने गिऱ्हाइकाचा स्वभावच दोन खणांत विभागला. आणि त्याच सुमारास पोर्शने ९११ च्या ९६४ पिढीत पहिल्यांदा पॉवर स्टिअरिंग दिलं. पंचवीस वर्षं ९११ वाल्यांनी दंडाच्या जोरावर काढली होती! त्यांच्यातल्या कट्टर लोकांसाठी पोर्शने १९९२ ची कॅरेरा आरएस आणली: आवाज रोखणारं अस्तर काढलं, मागची सीट काढली, आणि डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या साध्या आरएसमधून पॉवर स्टिअरिंगही काढलं. म्हणजे आधी कंपनीने बसवलं आणि मग तीन वर्षांत कंपनीनेच ते काढून जास्त भावाने विकलं. बिझनेस मॉडेल म्हणून याला तोड नाही.

पण या पंथाची काशी म्हणजे मियाटाच. वजन साधारण ९५० किलो, १६०० सीसीचं इंजिन, मागच्या चाकांना ताकद. माझदाने तिच्यासाठी 'जिन्बा इत्ताइ' हा जपानी शब्द धरला होता, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. अमेरिकेत साधी मियाटा विनापॉवर यायची, पैसे जास्त दिले की पॉवर. फरक फक्त पंपाचा नव्हता. विनापॉवर रॅकचं गुणोत्तर होतं १८:१, पॉवरवाल्याचं १५:१. गुणोत्तर म्हणजे काय, तर हातातलं चाक १८ अंश फिरवलं की पुढची चाकं १ अंश वळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विनापॉवर गाडीत ३.३ फेरे, पॉवरवालीत २.८. कारण उघड आहे: मदत नसेल तर कंपनी गिअरिंग सैल करते, म्हणजे हात जास्त फिरतात पण जोर कमी लागतो.

आता गाडीवेड्यांना सापडली फट. पॉवरवाला १५:१ चा चपळ रॅक घ्यायचा आणि त्यातली पॉवर काढायची. म्हणजे चपळपणाही मिळाला, फीलही मिळाला, जो कंपनीने कधी एकत्र विकलाच नव्हता. किंमत: दंड.

हे करायचे तीन मार्ग आहेत, आणि त्यातले दोन मला पटत नाहीत. पहिला, नुसता बेल्ट कापायचा. तेल आत तसंच, आणि तुम्ही हाताने ते तेल पिस्टनच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ढकलत बसता. इंजिन बंद पडलेली पॉवर स्टिअरिंगची गाडी ज्यांनी ढकलत वळवली आहे त्यांना हा अनुभव माहीत आहे. गाडी जड होते आणि तरी बोलत नाही. दुसरा, पंप काढायचा आणि रॅकची दोन भोकं एका नळीने एकमेकांना जोडायची. स्वस्त, एका दुपारचं काम. पण पिस्टनचं सील आत घासत राहतं, आणि ती पिळली जाणारी सळई अजून तिथेच आहे. दाब नसल्यामुळे चाक हलवलं की आधी सळईच पिळते, मग रॅक हलतो. नेमकं मधोमध, जिथे सगळ्यात जास्त कळायला हवं, तिथे ढिलाई.

तिसरा मार्ग खरा. रॅक पूर्ण खोलायचा. पिस्टनवरचं सील काढून टाकायचं म्हणजे आत हवा मोकळी इकडे-तिकडे जाईल. आधी तेलच वंगणाचं काम करायचं, आता ते नाही, म्हणून नीट ग्रीस भरायचं. आणि पिनियनमध्ये जिथे टॉर्शन बार पिळतो तो सांधा वेल्ड करून एकसंध करायचा. मग चाक आणि रस्ता यांच्यात फक्त लोखंड उरतं. या वेल्डिंगबद्दल एकच सांगतो: ते सुटलं तर स्टिअरिंग सुटलं. हे काम व्हिडिओ बघून शेजारच्या ग्रिलवाल्याकडून करून घ्यायचं नाही.

फायदा म्हणून इंजिनवरचा पंपाचा भार आणि काही किलो वजनही जातं, पण त्यासाठी कोणी हे करत नाही. लोक करतात त्या हलक्या होणाऱ्या ओढ्यासाठी. आणि मग कॅस्टर थोडा कमी करायचा, रुंद टायरचा मोह टाळायचा, असं बरंच काही मागोमाग येतं. कारण पॉवर स्टिअरिंग गृहीत धरलेल्या गाडीत बाकीचे आकडेही त्याच भरवशावर ठरवलेले असतात. एक डिपेन्डन्सी काढली की दहा ठिकाणी बिल्ड मोडतो, तसं.

इथे पंथाच्या लोकांना न आवडणारं एक उदाहरण द्यायलाच हवं. २०१३ मध्ये अल्फा रोमिओने ४सी आणली. कार्बन फायबरचा सांगाडा, वजन नगण्य, पॉवर स्टिअरिंग मुद्दाम नाही. कागदावर स्वर्ग. पण चालवणाऱ्या बऱ्याच जणांनी तक्रार केली की उंचसखल रस्त्यावर गाडी चरे पकडून इकडे-तिकडे पळते आणि स्टिअरिंगशी कुस्ती खेळावी लागते. त्याच्या उलट १९९६ ची लोटस एलिस, तिलाही पंप नाही, वजन सव्वासातशे किलोच्या आसपास, आणि तिच्या स्टिअरिंगचं आजही कौतुक होतं. म्हणजे पंप काढला की फील आपोआप येतो असं नाही. रस्ता सगळं ओरडून सांगतो. त्यातलं कामाचं काय आणि कलकलाट काय, हे सस्पेन्शन बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असावं लागतं.

आणि मुळात मदत लागतेच कुणाला, हेही विसरून चालणार नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग असतं. तिच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूमध्ये नसतं. वेगवान वळणात हवेच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटते आणि स्टिअरिंग दगडासारखं होतं. मुलींना त्या पायरीवर वर जाताना हाच अडसर ठरतो का, ही चर्चा रेसिंगमध्ये बरीच वर्षं चालू आहे. तीच गोष्ट साध्या रस्त्यावर. मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सी दिवसभर गल्लीबोळांतून काढणाऱ्या ड्रायव्हरकाकांना 'स्टिअरिंग फील'बद्दल विचारलं असतं तर त्यांनी आधी खांदा दाखवला असता. माझं मत स्पष्ट आहे: फील हा हौसेचा विषय आहे आणि हलकं स्टिअरिंग हा गरजेचा. पन्नाशीनंतर किंवा खांदा दुखावल्यावर ज्यांना गाडी चालवता येते, ती डेव्हिसच्या व्हॉल्व्हमुळे.

आता तुमच्यातले काही जण खाली आपल्या हॅचबॅककडे बघत असतील, म्हणून सांगून टाकतो. आजच्या गाड्यांत तेल नाही, वीज आहे. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्व्होपासून ही पद्धत सुरू झाली, आणि २०११ च्या ९९१ पिढीत ९११ पण विजेवर गेली, ज्यावर पोर्शवाल्यांनी भरपूर अश्रू ढाळले. यात पंपाऐवजी मोटर असते, छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा दांड्यालाच जोडलेली. तिचा फ्यूज काढला की पॉवर गेली, पण मोटर आणि तिची गिअर तिथेच. आता तुम्ही दंडाने बंद मोटरही फिरवताय. जड आणि मुकं, दोन्ही. शिवाय अशा गाडीत स्टिअरिंगची यंत्रणा आणि घसरण रोखणारी यंत्रणा एकमेकांशी बोलत असतात. एकीची जीभ कापली की दुसरी गोंधळते. आणि आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, विमा कंपनीही आहे. ज्यांच्या घरी जुनी मारुती ८०० अजून चालू आहे, त्यांनी एखाद्या रिकाम्या सकाळी ती घेऊन बाहेर पडा. काही न कापता तुम्हाला मी काय म्हणतोय ते कळेल.

गंमत म्हणजे वीज दोन्ही दिशांना नेते. २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या टेस्ला सायबरट्रकमध्ये चाक आणि टायर यांच्यात लोखंडी दुवाच नाही, फक्त तारा. हातात जो ओढा येतो तो पूर्णपणे सॉफ्टवेअरने बनवलेला. सिम रेसिंगचं चाक आता खऱ्या रस्त्यावर आलंय.

आणि दुसऱ्या टोकाला गॉर्डन मरे. १९९२ मध्ये या माणसाने मॅक्लारेन एफ१ बनवली, त्या काळातली जगातली सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक, आणि तिला पॉवर स्टिअरिंग दिलं नाही. २०२० मध्ये त्याने स्वतःच्या कंपनीची टी.५० दाखवली. तेव्हा मरे सत्तरी ओलांडलेला. या गाडीत मदत आहे, पण फक्त कमी वेगात, पार्किंगसारख्या कामापुरती. वेग वाढला की ती बाजूला होते, आणि मग हात आणि रस्ता. जनरल मोटर्सच्या पन्नाशीतल्या त्या 'आधी थोडं तुम्ही' वाल्या इंजिनिअरांना हे बघून बरं वाटलं असतं.

पुढच्या भागात ब्रेक. एबीएस आधी विमानात आलं आणि मग गाडीत, ती गोष्ट. भेटू!